मयत, स्थलांतरित, दुबार

रविवार, रात्री

पाय दुखतायत. आज आमच्या यादी भागातल्या मागच्या चार इमारती झाल्या. लोकांना वाटतं राजकीय काम म्हणजे सभा, झेंडे, घोषणा. प्रत्यक्षात हातात छापील मतदार यादी, खिशात दोन पेनं आणि तोंडात एकच प्रश्न: "हे नाव इथेच राहतं का हो?" वर्षातला बहुतेक काळ पक्षाचं काम म्हणजे इतकंच असतं. बाकीचं पंधरा दिवसांत उरकतं.

यादीवर तीन खुणा करायच्या असतात: मयत, स्थलांतरित, दुबार. पहिली खूण करताना दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. आज एका आजोबांनी आपल्या पत्नीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे ना, कुठे काय अडतंय." मी यादी मिटली आणि पाणी मागितलं. नाव वगळायचा अर्ज त्यांचा मुलगा भरेल, मी त्याच्याशी फोनवर बोलेन. पण आज नाही.

सगळ्यात घोळ लग्न झालेल्या मुलींचा. नाव माहेरच्या यादीत, राहणं सासरी, ओळखपत्रावर जुनं आडनाव. त्यांना वाटतं नव्याने नोंदणी करावी लागेल, म्हणून नमुना ६ भरतात आणि दोन ठिकाणी नाव लागतं. झालं दुबार! खरं तर पत्ता बदलायला नमुना ८ आहे. दुरुस्ती त्यातच, हरवलेलं ओळखपत्रही त्यातच. २०२२ मध्ये अर्ज बदलले तेव्हापासून हे सोपं झालंय. पण ते दारोदार जाऊन कुणी सांगितलं नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आणखी एक गैरसमज जाता जाता: ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नाही. हे आज किमान अर्ध्या दारांत बोलले असेन. निवडणुकीच्या सकाळी कार्ड नाचवत भांडणारे लोक पाहिलेत, म्हणून.

मंगळवार

दुसऱ्या मजल्यावरचे काका मला बघितलं की दार अर्धंच उघडतात. त्यांचा पक्ष वेगळा, माझा वेगळा, आणि ते ही गोष्ट जिन्यात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या सभेत, कुठेही विसरत नाहीत. आज मात्र दार त्यांच्या मुलीने उघडलं. सतरा पूर्ण, पुढच्या वर्षी जूनमध्ये अठरा. तिला वाटत होतं वाढदिवस झाल्यावर जानेवारीची वाट बघावी लागेल. पूर्वी तसंच होतं, १ जानेवारी ही एकच तारीख. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवेत अशा तारखा, आहेत, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. तिची तारीख १ जुलै.

ती लगेच म्हणाली, "आणि मग तुमच्याच पक्षाला मत द्यावं लागेल का?"

आतून काका मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, "अर्ज भरायला पक्ष लागत नाही. मत कुणाला द्यायचं ते बाबांशी भांडून ठरव." मग काका बाहेर आले, चष्मा शोधला आणि अर्ज स्वतः वाचायला लागले. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं तेव्हा ते कॉलेजात होते. १९८८ ची ६१वी घटनादुरुस्ती, मार्च १९८९ मध्ये लागू झाली. त्याच वर्षीच्या लोकसभेला त्यांनी एकोणिसाव्या वर्षी पहिलं मत दिलं. मत कुणाला दिलं तेही सांगितलं, मी न विचारता. मी वाद घातला नाही. दहा मिनिटं अर्ज, पाऊण तास १९८९.

मुलीच्या फोटोची पार्श्वभूमी निळी आली होती, पांढरी हवी. शनिवारी परत जायचं आहे.

गुरुवार

आज कार्यालयात वाजलं.

बैठकीत एकाने प्रस्ताव मांडला, तोही अगदी सहज आवाजात: रेल्वे लाइनच्या कडेच्या गल्लीत आपली मतं नाहीत, भाडेकरू जास्त आहेत, तेव्हा तिथल्या नावांवर एकगठ्ठा नमुना ७ टाकू. नमुना ७ म्हणजे दुसऱ्याच्या नावावर हरकत. त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार ती घेऊ शकतो. नाव मयताचं असेल तर तो अर्ज हवाच. पण जिवंत, दारात कपडे वाळत घालणाऱ्या माणसावर तो टाकला की त्याच्या नावाने नोटीस निघते, त्याला कामाचा दिवस बुडवून सुनावणीला जाऊन 'मी इथेच राहतो' हे सिद्ध करावं लागतं. रोजंदारीचा माणूस जाईल का? नाही गेला की नाव जायची भीती. प्रस्ताव मांडणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर मांडला.

मी त्या गल्लीत फिरलेय. तिथे भाडेकरू आहेत हे खरं, पण सात-आठ वर्षं तिथेच असलेले भाडेकरू आहेत. मी उभी राहून सांगितलं की १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि अर्जावर सही तुमची असेल, साहेबांची नाही. कायदा सांगितला कारण नीतीवर त्या खोलीत कुणी हललं नसतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खोली मी ओळखते.

ज्येष्ठ कार्यकर्ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नमुना ७ ज्याला टाकायचा त्याने आधी त्या दारावर जाऊन यायचं आणि शेजाऱ्याचं नाव कागदावर लिहायचं." प्रस्ताव मांडणाऱ्याने पुढच्या विषयाचा कागद काढला. कुणाला राग आला, कुणाला हायसं वाटलं, कळलं नाही. बाहेर पडताना एकजण मला म्हणाला, "समोरचे हेच करत असतील." करत असतील. म्हणून आपण त्यांच्या गल्लीतले लोक खोडायचे, आणि त्यांनी आपल्या?

शेवटी मी त्या गल्लीचं काम स्वतःकडे मागून घेतलं. कुणी हरकत घेतली नाही, तिकडे जायला तसंही कुणी तयार नसतं.

शनिवार

निळा फोटो पांढरा झाला. बीएलओ, म्हणजे यादीचं सरकारी काम बघणाऱ्या, मॅडमना अर्ज दिला. त्या शिक्षिका आहेत, शाळेतल्या वह्या तपासत तपासत आमचे अर्ज बघतात. पाच वाजले तरी घरी गेल्या नव्हत्या. निवडणुकीच्या यंत्रणेला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी या बाईंच्या टेबलासमोर बसावं.

दुपारी तीन जणांनी गटाराचं झाकण, दोघांनी पाण्याचा दाब, एकाने कुत्री. यादीचं काम करणाऱ्या बाईकडे सगळं येतं, कारण ती दारात येते. मुंबईसकट अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवकच नाही, तर लोक जाणार कुणाकडे? त्या काळात आमच्यासारखे सगळे बिनपगारी टपाल झाले. झाकणासाठी आधी साधी तक्रार, पोच घ्यायची, ती पोच जपायची. मगच माहितीचा अधिकार: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'झाकण का बसवलं नाही' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर येत नाही. 'तक्रार क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, त्याची प्रत द्यावी' असं विचारायचं. बऱ्याचदा उत्तराच्या आधी झाकण येतं.

सोमवार

नवीन मुलांना आज पोलिंग एजंटचं, म्हणजे मतदान केंद्रावर उमेदवाराच्या वतीने बसणाऱ्याचं, काम समजावलं. ती कंटाळतील असं वाटलं होतं, पण मॉक पोलला, म्हणजे चाचणी मतदानाच्या विषयाला, सावरून बसली. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी पहाटे साडेपाचला केंद्रावर होते, कारण मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी सगळ्या एजंटांसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात. मग ती मतं पुसतात. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या काढून घेतात आणि मोहोर लावतात. पहाटे झोपा काढणाऱ्या एजंटला नंतर यंत्रावर बोलायचा अधिकार नाही, असं मी सरळ सांगितलं.

दोन रुपयांची गोष्ट त्यांना सगळ्यात आवडली. समोर आलेला मतदार तोतया आहे असा संशय असेल तर एजंट हरकत घेऊ शकतो, पण केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरावे लागतात. हरकत खोडसाळ निघाली तर पैसे जप्त. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडत बसायचं नाही, टेंडर व्होट मागायचं. ते यंत्रावर नाही, कागदावर होतं. संध्याकाळी नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यावर किती मतं पडली तो आकडा असतो.

एकाने विचारलं, समोरच्या पक्षाच्या एजंटशी बोलायचं का? अरे, दिवसभर त्याच बाकावर बसायचंय. त्याचा चार्जर तू वापरणार आहेस.

बुधवार

कार्यालयातून फोन. मी ज्यांचे अर्ज भरले त्या सगळ्यांचे मोबाईल नंबर शीटमध्ये भरून द्या, प्रचाराच्या ग्रुपसाठी. मी विचारलं, त्यांना विचारून? पलीकडे हसू.

लोकांनी नंबर दिला तो अर्जाचं काय झालं हे कळवायला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा नंबरही त्यात आहे. त्यांना आमच्या नेत्याचा शुभेच्छा संदेश गेला की ते दार परत अर्धंच उघडतील, आणि बरोबरच करतील. दुसरी बाजूही मला कळते: पक्ष नंबरांवर चालतो, माझी निवड उमेदवार निवडून आणायला झालीय, समाजसेवेला नाही. मी पक्षाची आहे आणि राहणार आहे.

शीट भरली. नाव, भाग क्रमांक, अर्जाचा नमुना, तारीख. मोबाईलच्या रकान्यात फक्त जे 'हो, मला पाठवा' म्हणाले त्यांचेच. बाकीचा रकाना कोरा पाठवलाय. उद्या बैठक आहे, विचारतीलच.