तुम्ही विचारलंत म्हणून : नाताळ मुळात पेगन सण आहे का?

पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचा, अनेक देव पूजणाऱ्यांचा. डिसेंबर उजाडला की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. "नाताळ म्हणजे मूळचा रोमन लोकांचा सूर्याचा सण. चर्चने तो उचलला, येशूचं नाव दिलं, आणि आता दुकानदारांनी तो चर्चकडून उचलला. असंच ना?" विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, अमेरिकेत मुलं वाढवणारे मराठी आईवडील असतात (घरात झाड आणावं की नाही, हे त्यांना ठरवायचं असतं), आणि या चर्चेने मनातून दुखावलेले ख्रिस्ती वाचकही असतात. सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहितो.

माझं उत्तर असं. तारखेचा वाद खरा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. पण झाड, भेटी, सांता, कार्डं या गोष्टींचा पेगन काळाशी थेट धागा जवळपास कुठेच सापडत नाही. त्या बऱ्याच नव्या आहेत. आणि बाजार या सणात मागाहून घुसला असंही म्हणता येत नाही. आज आपण ओळखतो तो घरगुती नाताळ घडतानाच बाजार तिथे हजर होता.

आधी तारीख. या वादातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेली एक सचित्र पंजिका. व्हॅलेंटिनस नावाच्या श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी फिलोकॅलस या प्रसिद्ध सुलेखनकाराने ती सजवली. मूळ प्रत हरवली, पण सतराव्या शतकात केलेल्या नकलांमुळे मजकूर आपल्या हाती आहे. तिच्यातल्या दिनदर्शिकेत २५ डिसेंबरपुढे एक आखूड नोंद आहे : 'अजिंक्याचा जन्मदिवस, ३० शर्यती'. अजिंक्य म्हणजे 'सोल इन्विक्टस', अजिंक्य सूर्य, असं सगळेच अभ्यासक धरतात. शर्यती रथांच्या. एरवी मोठ्या दिवशी २४ होत, इथे ३०, म्हणजे दिवस खास होता. त्याच पंजिकेत पुढे हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे आणि तिची सुरुवातच २५ डिसेंबरने होते : ख्रिस्त यहुदियातल्या बेथलेहेमात जन्मला. ही यादी आतल्या पुराव्यांवरून ३३६ सालची ठरते.

म्हणजे २५ डिसेंबर हा सूर्याचा जन्मदिवस असल्याचा स्पष्ट लेखी पुरावा ३५४ चा, आणि तो ख्रिस्ताचा जन्मदिवस असल्याचा पुरावा ३३६ चा. चर्चने सूर्याचा सण उचलला, ही व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधली गोष्ट इथेच अडखळते. ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये सूर्याचं भव्य मंदिर उभारलं हे खरं आहे, पण ते २५ डिसेंबरला उघडलं असं सांगणारा त्या काळचा एकही दस्तऐवज नाही. लोक २७४ हे साल एका ठिकाणाहून घेतात, २५ डिसेंबर दुसऱ्या ठिकाणाहून, आणि दोन्ही जोडून ठाम वाक्य तयार करतात. रोमन काळात पूजल्या जाणाऱ्या मिथ्रा देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, हे तर त्याहून कच्चं. प्राचीन काळातल्या कुठल्याही मजकुरात ते सापडत नाही.

मग ख्रिस्ती लोकांनी ही तारीख कुठून काढली? एक मत सूर्यपूजेचं, दुसरं गणिताचं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या वधस्तंभाचा दिवस २५ मार्च दिला होता. थोर पुरुष ज्या तिथीला गर्भात आला त्याच तिथीला जग सोडतो, अशी एक समजूत तेव्हा होती, असं हे मत मांडणारे धरतात. २५ मार्चला गर्भधारणा धरली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे काही जण मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. सूर्याचा सण उचलला एवढ्याने ही दुसरी तारीख उलगडत नाही, म्हणून गणिताच्या मताला माझ्या मनात जास्त वजन आहे.

तरीही सूर्याला या गोष्टीतून काढून टाकता येत नाही. सीझरच्या दिनदर्शिकेत दक्षिणायन संपण्याचा दिवस परंपरेने २५ डिसेंबर मानत. ते वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी लांब होतं, त्यामुळे साधारण १२८ वर्षांत एक दिवस फरक पडे. चौथ्या शतकापर्यंत आकाशातला खरा दिवस काही दिवस आधीच येऊ लागला होता, पण मानलेला दिवस जागचा हलला नाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नको : आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागलेलं असतं, आणि तरी संक्रांत हा उत्तरायणाचाच सण राहतो. कारण निराळं आहे, परिणाम सारखा. प्रकाश वाढू लागण्याचा दिवस ख्रिस्ताला शोभतो, हे ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी उघडपणे, आनंदाने सांगितलं. त्यातून गोंधळही झाला. पाचव्या शतकाच्या मध्यात पोप पहिले लिओ नाताळच्या प्रवचनात रागावून सांगतात की काही ख्रिस्ती लोक रोममधल्या संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात, मग आत येतात.

सॅटर्नालियाचं नाव या चर्चेत हमखास येतं. रोमन लोकांचा हा उत्सव १७ डिसेंबरला सुरू होई आणि पुढे २३ पर्यंत लांबला. कामं बंद, जुगाराला मोकळीक, मालक आणि गुलाम एका पंगतीला, भेट म्हणून मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या. साम्य दिसतं खरं. पण साम्य दिसलं म्हणजे वारसा सिद्ध झाला असं होत नाही. युरोपात मुलांना भेटी देण्याचा दिवस अनेक ठिकाणी संत निकोलसचा, म्हणजे ६ डिसेंबर होता, मोठ्यांत भेटी द्यायचा दिवस नवं वर्ष. भेटींचा मोठा भाग २५ डिसेंबरकडे सरकला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. मधल्या चौदाशे वर्षांचं काय, हे पेगन मुळांची यादी देणारे सांगत नाहीत.

असा दावा समोर आला की मी तीन गोष्टी बघतो. त्या प्रथेचा उल्लेख करणारा सगळ्यात जुना मजकूर कुठल्या सालचा? तो त्या ठिकाणी राहणाऱ्याने लिहिलाय की शेकडो वर्षांनी दुसऱ्याने? आणि तिथून आजपर्यंतच्या मधल्या कड्या सापडतात का? नाताळच्या झाडाला ही कसोटी लावून पाहा. आज फ्रान्सच्या पूर्व सीमेवर असलेल्या आल्सासमधल्या सेलेस्टा गावच्या हिशेबवहीत १५२१ साली एक खर्च आहे : लोकांनी नाताळसाठी जंगलातली झाडं तोडून नेऊ नयेत म्हणून रखवालदारांना चार शिलिंग. १६०५ च्या सुमारास एक प्रवासी तिथल्याच स्ट्रासबुर्ग शहराविषयी लिहितो की लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या आणि साखरेच्या वस्तू टांगतात. सफरचंदं का? २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात नंदनवनातलं झाड रंगमंचावर लागे, आणि पानगळीच्या दिवसांत हिरवं मिळे ते सूचिपर्णीच. हे पटण्याजोगं मूळ आहे आणि ते पुरतं ख्रिस्ती आहे. ड्रुइडांचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं म्हणाल तर रोमन लेखक प्लिनीने त्यांचा मिसलटो (झाडावर वाढणारं बांडगूळ) तोडण्याचा विधी वर्णिलाय : सोन्याचा विळा, दोन पांढरे बैल, चंद्राची सहावी तिथी. डिसेंबरच्या सणाचा त्यात उल्लेखही नाही.

उत्तर युरोपात मात्र मिसळण खरी आहे. इंग्लंडचा ख्रिस्ती संन्यासी आणि इतिहासकार बीड याने ७२५ साली नोंदवलंय की त्याचे पेगन पूर्वज २५ डिसेंबरच्या सुमाराची रात्र 'मातांची रात्र' म्हणून पाळत. नॉर्वेत दहाव्या शतकात राजा होकोनने यूल हा तिथला जुना हिवाळी सण नाताळच्या तारखेला आणला. प्रत्येकाने ठरल्या मापाच्या धान्याची बिअर करावी आणि ती पुरेल तोवर सण पाळावा, असा त्याचा कायदा असल्याचं पुढच्या काळातली गाथा सांगते. पोप ग्रेगरींनी तर ६०१ साली लेखी सल्लाच दिला होता : देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र जल शिंपडा, तिथेच वेदी मांडा, आणि बळी द्यायचे बैल लोकांनी चर्चच्या सणाला कापून खावेत.

पण अशी मिसळण झाली म्हणजे सण 'खरा' कोणाचा हे ठरतं का? गोव्याकडे बघा. चतुर्थीला हिंदू घरांत नेवऱ्या (करंज्या) होतात, नाताळात ख्रिस्ती घरांतल्या कुस्वारात, म्हणजे फराळात, त्याच नेवऱ्या, सारण थोडं इकडेतिकडे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या फर्मानाने ख्रिस्ती कुटुंबांना दारात तुळस लावायला आणि बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी केली होती. इतकी बारीक नजर असूनही नेवरी टिकली. तिच्यावरून गोव्याचा नाताळ म्हणजे झाकलेली चतुर्थी आहे, असं कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.

नाताळ पेगन आहे ही ओरड पहिल्यांदा जोरात कोणी केली, हेही सांगायला हवं. ती कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी केली. इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली नाताळ रद्द केला, त्यावरून कँटरबरीत दंगल उसळली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला. १६८७ साली तिथले धर्मगुरू इन्क्रीज मॅदर यांनी लिहिलं की ही तारीख रोमच्या सॅटर्नालियावरून घेतली. आजचा फॉरवर्ड त्याच युक्तिवादाचं नातवंड आहे.

आता बाजार. एकोणिसाव्या शतकाआधीचा इंग्रज-अमेरिकी नाताळ बराचसा रस्त्यावरचा : दारू, गोंगाट, श्रीमंतांच्या दारी जाऊन हक्काने खाणंपिणं मागणारी टोळकी. तो दिवाणखान्यात, मुलांभोवती आला तो छापखाना, टपाल आणि दुकानं यांच्या हातात हात घालून. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी पहिलं विक्रीचं नाताळकार्ड छापलं, हजारेक प्रती, किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालाच्या बारापट. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं. दोन वर्षांनी एका अमेरिकी मासिकाने तेच चित्र छापताना राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसल्या, की झालं साधं अमेरिकी घर. १८८० च्या सुमारास अमेरिकी दुकानदार वूलवर्थ जर्मनीच्या लाउशा गावचे काचेचे गोळे विकू लागले. सांताचा लाल पोशाख कोका-कोलाने दिला हे चूक. त्यांच्या गाजलेल्या जाहिराती १९३१ पासूनच्या, लाल सांता त्याआधीही छापला जात होता.

सण निधर्मी कसा होतो, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सापडतं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट शहरात नगरपालिका, स्थानिक व्यापारी संघाच्या सहकार्याने, दुकानांच्या पेठेतल्या बागेत दरवर्षी देखावा मांडे. सांताचं घर, रेनडियर, झाड, दिवे, विदूषक, हत्ती आणि अस्वल यांची कटआउट्स, आणि या गर्दीत वसई-गोव्यात ज्याला गोठा म्हणतात तो : बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं. मूर्ती पाच इंचांपासून पाच फुटांपर्यंत, १९७३ साली १,३६५ डॉलरना घेतलेल्या. सरकारी पैशातून धर्माचा पुरस्कार होतो म्हणून खटला झाला. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिका जिंकली, आणि त्यात या सगळ्या सोबतीचा वाटा मोठा होता. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी ओळखलं की हा ख्रिस्ती श्रद्धेचा विजय नाही : गोठा आता सुटीच्या मोसमाची वर्दी देणारी, व्यापाराला सोयीची वस्तू झाला. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या न्यायालय इमारतीच्या मुख्य जिन्यावर गोठा एकटाच होता, तो न्यायालयाने अवैध ठरवला. जवळच्या दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी झाडाशेजारी उभा असलेला १८ फुटी मेनोरा, म्हणजे ज्यूंचा अनेक शाखांचा दीपस्तंभ, चालला. तिथे ब्लॅकमन यांनीच लिहिलं की झाड हे आज धार्मिक चिन्ह उरलेलं नाही. अमेरिकेतल्या मराठी पालकांना माझं हेच सांगणं : झाडाने तुमचं मूल कुठल्या धर्माला बांधलं जात नाही. गोठ्याची गोष्ट वेगळी आहे, त्याच्याकडे कोणाची तरी श्रद्धा म्हणून बघा.

बाजाराने केलेला सगळ्यात खोल बदल मात्र सांता किंवा भेटी यांच्यात नाही, तो दिवसांच्या क्रमात आहे. चर्चच्या हिशेबाने २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. जांभळी वस्त्रं, 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गायचं नाही, संयम आणि वाट पाहणं. सण सुरू होतो २४ च्या रात्री आणि तिथून पुढे चालतो. दुकानांना हे उलटं हवं असतं. १९३९ साली अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण ३० नोव्हेंबरला पडत होता आणि त्याआधी नाताळची जाहिरात करणं अशिष्ट समजलं जाई. व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो २३ ला आणला, काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही, शेवटी १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने ठरला. आता गाणी आणि रोषणाई नोव्हेंबरपासून, आणि २६ ला सगळं उतरवून सेलच्या पाट्या. ख्रिस्ती घरात मात्र नाताळकाळ तेव्हा जेमतेम सुरू झालेला असतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत राहतो. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला २५ तारखेला भेटायचं राहून गेलं असेल, तर २९ ला जा किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जा. उशीर झालेला नसतो.