मीटरने निर्दोष ठरवलेला रिले

पुढे जास्तीचे दोन दिवे बसवलेला एक पिकअप माझ्याकडे दुरुस्तीला आला. दिव्यांचे बटण दाबले की फ्यूज उडतो, एवढीच तक्रार होती. आधीच्या कारागिराने बल्ब बदलून पाहिले होते आणि मालकांनी आता १५ अँपिअरचा निळा फ्यूज सोबत आणला होता. ‘५ चा टिकत नाही, तर हाच टाका ना,’ असे ते म्हणाले. मी नकार दिला, कारण बटणाकडे जाणारी तार बारीक होती आणि फ्यूज असतो तो तार वाचवण्यासाठी.

उडालेला फ्यूज मी प्रथम उजेडात धरून पाहिला. भार थोडा जास्त झाला असेल, तर आतली पट्टी मध्येच वितळून तुटलेली दिसते. इथे ती जवळजवळ नाहीशी होऊन प्लॅस्टिकवर काळपट डाग उमटला होता, म्हणजे प्रकरण थेट शॉर्टचे होते. शिवाय रिलेच्या (बटणाच्या लहानशा करंटने आतल्या कॉइलचे चुंबक होऊन दिव्यांचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीतून येणाऱ्या तारेवरचा २० अँपिअरचा फ्यूज शाबूत होता. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, परंतु तो करंट याच फ्यूजमधून जातो, बटणातून नव्हे. त्यामुळे बल्ब बदलण्याचा खटाटोप मुळातच व्यर्थ होता.

फ्यूज जाळत बसण्यापेक्षा मी त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडला. पुढे शॉर्ट असला तरी असा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो आणि पूर्ण उजळून शॉर्ट दाखवूनही देतो. बटण दाबताच तो लख्ख पेटला, पण रिलेचा ‘टक्’ आवाज मात्र आला नाही. रिले खोबणीतून उपसला, तेव्हा बल्ब विझला. याचा अर्थ बटण आणि तिथपर्यंतची तार ठीक होती. उरली फक्त रिलेची कॉइल.

खरा पेच यानंतर पडला. ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन टोकांच्या पिनांमध्ये मीटरने ९० ओहम दाखवले, आणि मीटरच्या तारा उलट लावल्या तरी तेवढेच. या हिशेबाने कॉइल जेमतेम ०.१३ अँपिअर घेणार. तेवढ्याने ५ चा फ्यूज उडणे शक्यच नव्हते. मग रिलेच्या अंगावरची आकृती भिंग घेऊन वाचली, तेव्हा कॉइलच्या शेजारी डायोडची, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची, बारीक खूण दिसली.

बटण बंद करताना कॉइलमध्ये उलटा, बराच मोठा व्होल्टेज उसळतो. तो जिरवण्यासाठी काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड बसवलेला असतो. अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ द्यावा लागतो. या गाडीत ते उलटे होते, त्यामुळे करंट कॉइलला वळसा घालून डायोडमधून सरळ अर्थला जात होता. मीटर फसला, कारण ओहम मोजताना त्याचा क्षीण करंट कॉइलवर ०.१ व्होल्टदेखील उभा करत नाही आणि सिलिकॉन डायोड वाहू लागायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. इतके झटके सोसून तो डायोड जिवंत राहिला, याचे मला आजही नवल वाटते. बहुधा फ्यूज लहान होता म्हणूनच.

खात्रीसाठी रिले बाहेरच ठेवून बॅटरी आणि तोच बल्ब त्याला जोडला. एका बाजूने बल्ब पेटला आणि रिले गप्प राहिला. तारा उलटताच रिले वाजला आणि बल्ब अंधारात राहिला. जुना रिले नुकताच बदलल्याचे मालकांनी तेव्हा कुठे सांगितले. जुन्यात साधी कॉइल असणार, आणि तिला प्लस-मायनसचे सोयरसुतक नसल्यामुळे तारांची मूळ चूक इतके दिवस झाकली गेली होती.

साधा रिले आणून बसवला असता, तरी काम त्याच क्षणी संपले असते. मी मात्र खोबणीतल्या ८५ आणि ८६ च्या तारांची अदलाबदल केली, म्हणजे पुढे कोणीही यांपैकी कोणताही रिले बसवला तरी चालेल, आणि ५ अँपिअरचाच फ्यूज परत लावला.