कोची: आधी वार बघा, मग तिकीट काढा

कोचीचा छोटा बेत आखणाऱ्यांनी तारखेआधी वार बघावा. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्याच्याजवळचं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर बंद, शिवाय ज्यूंच्या सणांनाही. म्हणजे शनिवार-रविवारला शुक्रवारची रजा जोडायची आपली जी नेहमीची युक्ती, ती इथे नेमकी उलटी पडते. आम्ही रविवारी उतरलो आणि आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस घेतले. सगळं उघडं मिळालं आणि गर्दीही बेताची होती.

मुक्काम फोर्ट कोचीत, म्हणजे जुन्या भागातच करा. पाण्यापलीकडच्या एर्नाकुलमला हॉटेलं भरपूर आहेत आणि रेल्वे स्टेशन जवळ पडतं, हे खरं. पण तिथे राहिलात तर रोज पाणी ओलांडून ये-जा करावी लागते आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो ती फोर्ट कोचीतली सकाळ हातची जाते. नऊनंतर ऊन असं काही तापतं की चालणं नको होतं. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधले होमस्टे आहेत. बुक करताना खोलीत एसी आहे ना, एवढं विचारून घ्या. तिथला दमटपणा मुंबईकरांनाही घाम फोडतो.

फिरायला टॅक्सीपेक्षा बोट केव्हाही चांगली. पुलावरून गाडीने वळसा घालत, सिग्नलला थांबत येण्यापेक्षा हायकोर्ट टर्मिनलवरून वॉटर मेट्रो पकडावी. 2023 मध्ये सुरू झालेली ही सेवा विजेवर चालते, बोटी वातानुकूलित आहेत आणि तरंगता धक्का बोटीच्या बरोबरीला येत असल्यामुळे गुडघेदुखीवाल्या आई-वडिलांना चढ-उतार जड जात नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र रांग लागते. वारा आणि पाण्याचे तुषार अंगावर घ्यायचे असतील तर एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेट्टीवरून सरकारी जलवाहतूक खात्याची साधी बोट निघते. तिचं तिकीट अगदीच किरकोळ आहे. मला विचाराल तर जाताना साधी बोट आणि उन्हातून दमून परतताना वॉटर मेट्रो.

किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी संध्याकाळी सगळेच बघतात. सूर्यास्ताचा फोटो छान येतो, पण काम बघायचं असेल तर सकाळी लवकर जा. लाकडी सोटांची प्रचंड चौकट, तिला टांगलेलं जाळं आणि मागच्या बाजूला दोरांना ओळीने बांधलेले दगड. एक जण सोटावरून पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने बाकीचे मागचे दोर ओढतात, एकेक दगड खाली टेकत जातो आणि जाळं वर येतं. आमच्यासमोर त्यात मूठभर मासळी आणि ढीगभर जलपर्णी आली. ‘दोर ओढून बघा’ असं ते आग्रहाने बोलावतात. हौस म्हणून जरूर ओढा, फक्त नंतर पैसे द्यावे लागतात हे धरून चाला. शेजारी मासे विकत घेऊन समोर शिजवून मिळतात. तिथे मासळीचा आणि शिजवण्याचा दर आधी वेगवेगळा ठरवून घ्यावा.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये बहुतेक लोक वास्को द गामाच्या थडग्याचा दगड बघतात आणि बाहेर पडतात. गामा 1524 साली कोचीतच वारला, इथे पुरला गेला आणि पुढे त्याचे अवशेष लिस्बनला नेले. तो दगड बघून झाला की मान वर करा. छताखाली कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर भिंतीबाहेर जात आणि बाहेर उन्हात बसलेला माणूस ते ओढत असे, म्हणजे आतल्यांची प्रार्थना गारव्यात व्हावी! रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा पर्यटकांनी दुपार गाठावी.

मट्टांचेरीला निम्मा दिवस द्या. राजवाडा पोर्तुगीजांनी साधारण 1555 मध्ये राजाला बांधून दिला, 1663 मध्ये डचांनी डागडुजी केली आणि नाव ‘डच पॅलेस’ असं पडलं. बाहेरून अगदी साधा, पण आत भिंतभर रामायण रंगवलेलं आहे. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक खरोखर चित्रं बघतात. 1568 चं सिनेगॉग तिथून चालत गाठता येतं. चपला बाहेर ठेवून निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवरून चालायचं. फरशा हाताने रंगवलेल्या आहेत.

आपल्या लोकांनी जवळच्या चेरलाई वस्तीकडे पाय वळवावेत असं मला फार वाटतं. तिथे तिरुमल देवस्वमचं मंदिर आणि भोवती गौड सारस्वतांची वस्ती आहे. कोकणी कानावर पडते. डच गव्हर्नर व्हॅन रीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ काढला, त्यात इथल्याच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलं आहे. खंड अॅमस्टरडॅमला 1678 पासून निघू लागले. मंदिरात जाताना पुरुषांना केरळी रीतीप्रमाणे शर्ट काढावा लागू शकतो, तयारी ठेवा.

खाण्याचं फार सांगत नाही. सकाळी पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी) किंवा अप्पम-स्ट्यू (तांदळाचं जाळीदार अप्पम आणि नारळाच्या दुधातला रस्सा), दुपारी लालसर टपोऱ्या उकड्या तांदळाचा भात. टेबलावर गुलाबी कोमट पाणी आलं तर परत पाठवू नका. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं, प्यायचंच असतं.

हाउसबोटीचा मोह या बेतात टाळा. अलेप्पी पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि जाऊन-येऊन घाईत केलेलं बॅकवॉटर म्हणजे पैसे पाण्यात. त्यासाठी वेगळा मुक्काम हवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात गेलात तर कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, सुटण्याची वेळ पुन्हा तपासा. विमानतळ नेडुंबस्सेरीला, शहरापासून सुमारे 30 किलोमीटर. सकाळच्या विमानासाठी फोर्ट कोचीतून निघताना भरपूर वेळ हाताशी ठेवा. रेल्वेने परतणाऱ्यांनी तिकिटावर एर्नाकुलम जंक्शन आहे की एर्नाकुलम टाउन हे नीट वाचून रिक्षावाल्याला सांगावं. जंक्शनला तिथे ‘साउथ’ म्हणतात आणि टाउनला ‘नॉर्थ’.