आमची वाटचाल : 2019 चे ते दोन महिने

1998 साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर आम्ही सुरुवात केली. पुढे दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आले, ट्रकच्या भागांचं जॉबवर्क वाढलं, 14 माणसं झाली. मला लिहायचंय ते मात्र 2019 बद्दल.

जुलै 2018 मध्ये सरकारने ट्रकची भारमर्यादा वाढवली होती. तेवढाच माल कमी ट्रकांत जाऊ लागला. त्यात फायनान्स कंपन्यांनी कर्जं आखडती घेतली. नव्या ट्रकांची मागणी घटली. मोठ्या कारखान्यांत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवणं, सुरू झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये आमचं शेड्यूल, म्हणजे ग्राहकांनी आखून दिलेलं काम, निम्म्यावर आलं. पाच माणसं कमी करायची, हे त्याच आठवड्यात ठरलं. ठाऊक होतं फक्त मला आणि आमच्या सुपरवायझरना, आप्पांना.

"आप्पा, दिवाळी होऊ द्या. तोवर तुमच्या-माझ्यातच राहू द्या," मी म्हणालो. सण कडू होऊ नये, असं स्वतःला सांगत होतो. हातातला माल वेळेत निघावा, हेही मनात होतं.

माणसांना कुणकुण लागलीच होती. ओव्हरटाइम बंद, तिसरी पाळी बंद, कच्चा माल येईना, रिकाम्या मशीनला रंग देणं चाललेलं. पण कुणकुण लागणं वेगळं आणि यादीत आपलं नाव आहे हे कळणं वेगळं.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर एका तरुण ऑपरेटरने आप्पांना बाजूला घेतलं. पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. "आप्पा, जाऊ का राहू?"

"सणासुदीचं कुठं जातोस? दिवाळीनंतर बघू."

शेवटी आलेला आधी जातो, या नियमाने यादीत त्याचं नाव होतं.

नोव्हेंबरात पाचही जणांना सांगितलं. कायद्याप्रमाणे एक महिन्याचा नोटीस पगार आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार दिला. त्या तरुण ऑपरेटरची तीनच वर्षं भरलेली, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. सही करून त्याने आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पंपवाल्यांची जागा तोवर भरली होती. आप्पा कित्येक दिवस डबा खायला पोरांमध्ये बसले नाहीत. ते खोटं त्यांचं नव्हतं, मी त्यांच्या तोंडून वदवून घेतलं होतं. हे सगळ्यांसमोर कबूल करायला मला वर्ष लागलं.

आता शेड्यूल आल्या दिवशीच हजेरीच्या मशीनशेजारी फळ्यावर लागतं. मध्यंतरी एका ग्राहकाने काम पुन्हा निम्म्यावर आणलं. त्याच दुपारी मशीन थांबवून सगळ्यांना सांगितलं: जानेवारीपर्यंतचं काम हातात आहे, पुढचं नाही. तिघांनी दुसरीकडे काम धरलं. त्यांतला एक आमचा सगळ्यात चांगला सेटर, कामासाठी मशीन लावून देणारा. त्याला कमी करायचा विचारही माझ्या मनात नव्हता. तो गेल्यावर दोन डिलिव्हऱ्या चुकल्या, दंड भरला. नव्या ठिकाणाहून त्याच्या चौकशीचा फोन आला, तो आप्पांनी घेतला आणि पोराच्या कामाबद्दल दहा मिनिटं भरभरून बोलले.