न्हाणीचं पाणी माडाला

आज परसात न्हाणीच्या पाण्याचा पाट नव्याने काढला. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण इथल्या सच्छिद्र जांभ्या दगडातून सगळं झिरपून जातं आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात. अशात आंघोळीचं पाणी गटारात सोडणं जिवावर येतं. तोंडाशी खडी-वाळू, पुढे कर्दळ, मग केळी, शेवटी माडाचं आळं. पहिलं पाणी सोडलं तेव्हा कर्दळीपर्यंत पोचेस्तोवर फेस जिरला होता! भांड्यांचं तेलकट पाणी आणि सोड्याची पावडर यात नकोच, माती बिघडते. साठवूनही ठेवू नये, वास मारतं. कोथिंबीर-मुळ्याला तर अजिबात नाही. आई म्हणाली, "पूर्वी सगळ्यांच्याच न्हाणीमागे केळी असायच्या." सिमेंटची गटारं आली आणि त्या गेल्या, याचं फार वाईट वाटतं. कर्दळीचे कंद भरपूर आहेत, हवे असतील त्यांनी घेऊन जा.