पणजीत चित्र, कविता आणि जॅझ: एका दिवसाचा पायी फेरफटका

पणजीत चित्र, कविता आणि जॅझ या तिन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्या वेळा मात्र वेगवेगळ्या. आम्ही क्रम ठेवला तो असा: सकाळी चित्रं, दुपारी कविता, संध्याकाळी वाद्यं. दालनं कोणत्या दिवशी बंद असतात, ते आधी विचारून घ्या. दुपारी एक ते तीन पणजी झोपते, हे गृहीत धरूनच बेत आखा. पावसाळ्यात कार्यक्रम मंदावतात. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तेव्हा एका ठिकाणी भरपूर पाहायला मिळतं, पण गर्दी आणि पार्किंगचे हाल सोसावे लागतात. गाडी पणजीच्या पाटो भागात लावा आणि पुढे पायीच फिरा.

सुरुवात आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतून करा. तिथल्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. कामोइश या कवीच्या १५७२ सालच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग चित्रकार जॉर्ज कोलासोने १९३५मध्ये त्यांवर रंगवले. कविता आणि चित्र इतकी अंगाला अंग लावून उभी असलेली जागा पणजीत दुसरी नाही. महाकाव्याचा विषय असलेली वास्को द गामाच्या सफरीची गोष्ट आदल्या रात्री वाचून जा, नाहीतर ती नुसती सुंदर जहाजं वाटतात. हे महाकाव्य जिंकायला आलेल्यांच्या बाजूचं आहे, हेही मनात असू द्या. इमारतीला आज ज्यांचं नाव आहे, ते पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा वसाहतवादाच्या विरोधात लिहीत होते, म्हणून या भिंतींपुढे उभं राहण्याला वेगळं वजन येतं. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि जरा तिरकं उभं राहा. समोरून काढलात तर फरशीच्या चकाकीत चित्र हरवतं.

तिथून फोंताइन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत टाटो कॅफेत भाजी-पाव खाऊन घ्या. तिथल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. सांग्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होता. त्यांच्या व्यक्तिचित्रांतला काळोख डोळ्यांत मुरायला वेळ लागतो, तो द्या. बाहेरच्या गल्लीत लोक राहतात. दारा-खिडक्यांत शिरून फोटो काढू नका.

दुपारच्या उन्हात पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसावं. मूळ ग्रंथालय १८३२चं. तिथे कवी बाकीबाब बोरकरांची पुस्तकं मागून घ्या, मराठी आणि कोंकणी दोन्ही. ते स्वतः कविता गाऊन म्हणत, त्यामुळे त्यांच्या ओळी मनातल्या मनात वाचू नका, ओठ हलवून मात्रा मोजा. संध्याकाळी त्याचा उपयोग होतो.

जॅझ गोव्यात परकं का वाटत नाही, याचं उत्तर चर्चच्या शाळांत आहे. तिथे मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती लिपी येत होती म्हणूनच हे वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि नंतर सिनेमाच्या वाद्यवृंदांत टिकले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच.

जॅझची ठिकाणं मोसमागणिक बदलतात, म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करून दोन गोष्टी विचारा: ड्रम आणि बास प्रत्यक्ष वाजणार आहेत का, आणि पहिला सेट, म्हणजे वादनाचा पहिला टप्पा, किती वाजता? किनाऱ्यावर ‘लाइव्ह म्युझिक’ची पाटी असली तरी पुष्कळदा एकच गायक ध्वनिमुद्रित ट्रॅक लावून गातो. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. नऊला पोचलात तर हाती फक्त शेवटचा सेट लागेल.

ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही मंच खुला असतो तिथे, स्वतःची कविता वाजत्या बँडसोबत म्हणायची असेल, तर हिशोब आधी करा. सोळा मात्रांची ओळ, म्हणजे पादाकुलक वृत्तासारखी, चार ठोक्यांच्या दोन बारमध्ये (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) बसते, दर ठोक्याला दोन मात्रा. बारा बारच्या ब्लूजच्या एका आवर्तनात अशा सहा ओळी होतात. मिनिटाला ७२ ठोके ही बोलण्याची चांगली लय आहे, त्यात एक आवर्तन चाळीस सेकंदांत संपतं. कवितेचं एक आवर्तन, वाद्यांचं एक, पुन्हा कविता, पुन्हा वाद्यं: पावणेतीन मिनिटांत सगळं होतं, आणि त्याहून लांबवू नये. वादकांना कवितेचा अर्थ समजावत बसण्यापेक्षा लय आणि आवर्तनं सांगा.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. कवी सवयीने चालीत म्हणतो, मग त्याचा सूर बदलत्या कॉर्डशी, म्हणजे बँडच्या एकत्र वाजणाऱ्या स्वरांशी, भांडतो. मात्रा पाळा, पण सूर बोलण्याचाच ठेवा. दुसरं, सॅक्सोफोनच्या स्वरांचा पल्ला माणसाच्या आवाजाच्या पल्ल्यातच येतो, म्हणून शब्द बुडतात. सॅक्सोफोन ओळींच्या मधल्या जागेत वाजवायला सांगा, ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश मागा, आणि शब्दांखाली फक्त बास राहू द्या. माइक तोंडापासून चार बोटं दूर धरा. कागदावर अक्षर मोठं असू द्या, सोळा पॉइंटच्या खाली नको, कारण मंचावरचा उजेड वादकांसाठी बेतलेला असतो. रेखाटनं करणाऱ्यांनी ड्रमच्या बाजूला बसावं, तिथून सगळ्या वादकांचे हात दिसतात.

परतीची सोय संध्याकाळीच करून ठेवा. मडगाव-म्हापशाच्या कदंब बसगाड्या रात्री लवकर आटोपतात, आणि दहानंतर टॅक्सीवाला सांगेल तो भाव. एकटे असाल तर ओळखीच्या पायलटला, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला, आधीच वेळ देऊन ठेवा, आणि भाडं तेव्हाच ठरवा.