संडरलँडचा विजय आणि दादाचा प्रश्न

१४ डिसेंबर २०२५ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये संडरलँडने न्यूकॅसलला १-० असे हरवले आणि त्याच रात्री कोल्हापूरहून माझ्या थोरल्या भावाचा संदेश आला : "जिंकले तेही इंग्रज, हरले तेही इंग्रज. त्यात तुला रडू येण्यासारखे काय होते?" दादाने हे मायेनेच विचारले होते. पण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला मावशीने, महाविद्यालयातल्या मैत्रिणींनी आणि इथे संडरलँडमधल्या काही भारतीय सहकाऱ्यांनीही विचारला आहे. प्रत्येकाच्या विचारण्यामागे असे गृहीत धरलेले असते की परक्या गावाच्या संघावर जीव टाकणे म्हणजे तिथल्या लोकांत मिसळण्याची केविलवाणी धडपड होय. मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे जिंकलेल्या संघात इंग्रज फारसे नाहीतच. कर्णधार ग्रानिट झाका हा स्वित्झर्लंडचा, आणि त्याचे आईवडील कोसोव्होमधून तिथे गेलेले. प्रशिक्षक रेजिस ल ब्री फ्रान्सचे, गोलरक्षक रॉबिन रुफ्स नेदरलँड्सचा, आणि ज्याने कडेवरून आत टाकलेल्या चेंडूतून गोल झाला तो नॉर्डी मुकिएलेही फ्रान्सचाच. पोटापाण्यासाठी घर सोडून आलेल्या माणसांनी वेअर नदीकाठच्या एका थकलेल्या शहराला त्या दुपारी मान ताठ करायला लावली, आणि त्याच कारणासाठी इथे आलेली मी ते प्रेक्षागृहातून पाहत होते. त्या विजयात मी उपरी कशी ठरते, हे कोणीतरी मला समजावून सांगावे.

न्यूकॅसल आणि संडरलँड ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटरवर आहेत. एक टाइन नदीच्या काठी, दुसरे वेअरच्या मुखाशी. वैराचे मूळ सांगताना इथले लोक थेट सतराव्या शतकात जातात. कोळशाच्या व्यापाराचे विशेष हक्क राजाने न्यूकॅसलला दिले होते आणि १६४० च्या दशकातील यादवी युद्धात न्यूकॅसल राजाच्या बाजूने, तर संडरलँड संसदेच्या बाजूने उभे राहिले. त्यापुढचा सगळा इतिहास मला इथे सांगत बसायचा नाही. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातले वातावरण पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या त्यांच्या फुटबॉल संघांच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कसे असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला टाइन-वेअर सामना वेगळा समजावून देण्याची गरज नाही. आमच्याकडे दोन पेठांमध्ये एका रस्त्याचे अंतर असते, इथे दोन नद्यांचे आहे, एवढाच काय तो फरक.

खरे तर मला या संघाकडे ओढले ते वैराने नव्हे, मैदानाच्या जागेने. १९९७ साली सुरू झालेले 'स्टेडियम ऑफ लाइट' हे मंकवेअरमाउथ कोळसाखाणीच्या जागेवर उभे आहे. ही खाण डिसेंबर १९९३ मध्ये बंद झाली. त्याआधी पाच वर्षे, १९८८ मध्ये, शहरातील शेवटच्या जहाजगोद्या बंद झाल्या होत्या. एकेकाळी जगातील सर्वांत मोठ्या जहाजबांधणी केंद्रांत गणल्या गेलेल्या या शहराच्या हातून दोन्ही धंदे असे पाठोपाठ गेले. मैदानाबाहेर खाणकामगारांच्या सुरक्षादिव्याची मोठी प्रतिकृती उभारलेली आहे आणि मैदानाचे नावही त्या खाणकामगारांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या आजींचे वडील याच खाणीत कामाला होते. वडील जिथे जमिनीखाली राबले त्याच जागेवर आपण दर पंधरवड्याला बसतो, हे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितले, आणि सांगताना त्यांच्या स्वरात दुःख नव्हते, अभिमान होता.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कित्येकांप्रमाणे तेही मुंबईच्या गिरणीत कामाला होते आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते पुन्हा गेले नाहीत. गिरणगावातल्या त्या जागांवर आज मॉल आणि काचेचे मनोरे उभे आहेत. तिथे माझ्या आजोबांच्या पिढीतल्या माणसाला बसायला हक्काची एक खुर्ची नाही, तिथे काय होते हे आठवायला लावणारी ठळक खूण क्वचितच दिसते. संडरलँडनेही आपले कामगार वाऱ्यावर सोडले, इथली बेकारी आणि तिने पोखरलेली घरे मी परिचारिका म्हणून रोज पाहते, त्यामुळे इथे सगळे न्यायाने झाले असे मी म्हणणार नाही. परंतु निदान खाणीच्या जागेवर त्यांनी खाणकामगारांच्या नातवंडांना जमता येईल असे काहीतरी बांधले. लालबाग-परळमध्ये असे एखादे मैदान का होऊ शकले नाही, हा प्रश्न मला प्रत्येक सामन्याला जाताना पडतो आणि दर वेळी मी तितकीच अस्वस्थ होते.

मी इथे आले तेव्हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता. २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षे खालच्या श्रेणीत घसरल्यावर २०१९ साली वेम्बलीवरच्या निर्णायक सामन्यात चार्लटनने अगदी शेवटच्या क्षणी गोल करून संडरलँडची वर येण्याची वाट अडवली. वर येण्यास २०२२ साल उजाडावे लागले, आणि पहिल्या श्रेणीत परतायला २४ मे २०२५. त्या दिवशी शेफिल्ड युनायटेडविरुद्ध भरपाईच्या वेळेत टॉम वॉटसन या इथल्याच पोराने गोल केला. दरम्यान नदीपलीकडे काय घडत होते? ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकॅसल क्लब सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या नेतृत्वाखालील गटाने विकत घेतला आणि मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला हरवून त्यांनी लीग चषकही जिंकला, सत्तर वर्षांनी मिळालेला देशांतर्गत मोठा चषक. जानेवारी २०२४ मध्ये एफए चषकाच्या निमित्ताने हे दोन संघ आमच्या मैदानावर समोरासमोर आले तेव्हा न्यूकॅसलने आम्हाला ३-० असे सहज हरवले. सामना संपण्यापूर्वीच रिकाम्या होऊ लागलेल्या लाल खुर्च्या मी विसरू शकलेले नाही.

म्हणून डिसेंबरच्या त्या रविवारी जे घडले त्याचे मोल केवळ तीन गुणांचे नव्हते. मार्च २०१६ नंतर लीगमध्ये हे दोन संघ प्रथमच भेटत होते. पूर्वार्ध गोलाविना संपला. उत्तरार्ध सुरू होऊन एक मिनिट होते न होते तोच मुकिएलेने चेंडू आत टाकला आणि न्यूकॅसलने क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक किंमत मोजून आणलेल्या निक वोल्टेमाडेच्या डोक्याला लागून तो त्यांच्याच जाळ्यात गेला. दादाने स्वयंगोलावरूनही टोमणा मारला आहे. त्याला माझे उत्तर असे की, चेंडू धोकादायक जागी टाकला म्हणूनच बचावाला मागे धावलेल्या आघाडीपटूला त्याला डोके लावावे लागले. दबावाखाली झालेली चूक ही दबाव आणणाऱ्याची कमाई असते, आणि तालमीच्या संघातून खेळलेल्या दादाला हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. उत्तर इंग्लंडमध्ये डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा बाहेर अंधारू लागले होते आणि आत कोणीही जागेवरून हलायला तयार नव्हते. आजींनी माझा हात घट्ट धरला होता आणि आम्ही दोघीही रडत होतो. त्याबद्दल मला कोणाकडेही खुलासा करावासा वाटत नाही.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो तिच्याविषयी. काही महिन्यांपूर्वी कोल्हापुरातल्या सामन्यातील हाणामारीची एक जुनी चित्रफीत एका सहकाऱ्याने मला दाखवली आणि "तुमच्याकडे फुटबॉल असा असतो का?" असे विचारले. शाहू स्टेडियमवर दगडफेक झाली आहे, खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावले आहेत, हे मी नाकारत नाही, आणि त्याची लाजही वाटते. परंतु हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या प्रदेशातल्या माणसाला नाही. एप्रिल २०१३ मध्ये संडरलँडकडून ०-३ असे हरल्यावर न्यूकॅसलच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि एका इसमाने पोलिसांच्या घोड्याच्या तोंडावर ठोसा मारला, ही गोष्ट साऱ्या देशाला माहीत आहे. २०२४ च्या त्या चषक सामन्याला न्यूकॅसलच्या सुमारे सहा हजार चाहत्यांना स्वतःच्या मर्जीने येण्याची मुभाच नव्हती. त्यांना त्यांच्या मैदानापासून बसगाड्यांमध्ये बसवून पोलिसांच्या देखरेखीत आणले आणि तसेच परत नेले. वीस किलोमीटरच्या प्रवासासाठी! १९८५ च्या कायद्यामुळे खेळपट्टी दिसेल अशा जागी बसून मद्य पिता येत नाही, १९९१ च्या कायद्यानुसार विनाकारण मैदानात उतरणे हा गुन्हा आहे. इथल्या प्रेक्षागृहात आज जी शिस्त दिसते ती या लोकांच्या रक्तातून आलेली नाही. ती कायद्याने, कॅमेऱ्यांनी आणि क्रमांक घातलेल्या खुर्च्यांनी घडवलेली आहे, आणि त्यासाठी यांना कित्येक वर्षे लागली. शाहू स्टेडियमला तशा सोयी द्या, तेवढा पैसा आणि तेवढी वर्षे द्या, आणि मग तुलना करा. गल्लीतल्या वर्गणीवर संघ उभे करणाऱ्या आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव ज्या मातीतून आला त्या गावाला फुटबॉलचे संस्कार कोणी शिकवू नयेत.

मात्र इथल्या चाहत्यांच्या एका कृतीसमोर मी निःशब्द होते. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर पाडल्या गेलेल्या मलेशियाच्या विमानात न्यूकॅसलचे दोन निष्ठावंत चाहते होते. संघाचे सराव सामने पाहायला ते न्यूझीलंडला निघाले होते. त्यांच्या स्मृतीसाठी फुले पाठवावीत म्हणून संडरलँडच्या एका चाहत्याने वर्गणी मागितली. फुलांपुरते पैसे जमावेत अशी अपेक्षा होती, पण जमले तीस हजार पौंडांहून अधिक, आणि उरलेली रक्कम धर्मादाय कामांना दिली गेली. ही गोष्ट आजींनी मला सांगितली तेव्हा वैर म्हणजे काय याचा माझा हिशेब बदलला. ज्याच्याशी आयुष्यभर भांडायचे तो आपल्याच घडणीचा माणूस आहे, त्याचे दुःख आपल्याला नेमके कळते, ही जाणीव त्या वर्गणीत होती. आपल्या पेठांमध्येही ती आहे. महापुरात विरोधी पेठेतल्या घरात भाकरी पोहोचवणारी तालमीची पोरे मी पाहिली आहेत.

दादाच्या प्रश्नाचे अधिक गंभीर रूप मला ऑगस्ट २०२४ मध्ये भेटले होते, आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. साउथपोर्टमधल्या मुलींच्या हत्येनंतर खोट्या अफवांवरून देशभर स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या. २ ऑगस्टला संडरलँडच्या मध्यवर्ती भागात पोलिसांवर हल्ले झाले, एक इमारत जाळली गेली, आणि फिलिपिन्सच्या दोन परिचारिका कामावर येत असताना त्यांच्या टॅक्सीवर दगड मारले गेले. मी त्या आठवड्यात एकटी बाहेर पडले नाही. त्या जमावातल्या काहींच्या अंगावर संडरलँडची जर्सी असेल, नव्हे असणारच, या विचाराने मला रात्र-रात्र झोप लागली नाही. दुसऱ्याच सकाळी झाडू घेऊन रस्ते साफ करायला आलेली माणसेही याच शहराची होती, आणि फोन करून "सामन्याला नेहमीच्या जागी येणार ना?" असे विचारणाऱ्या आजीही याच शहराच्या. मी गेले. माझी खुर्ची मी दगड मारणाऱ्यांना देऊन टाकली असती तर या गावावर त्यांचाच हक्क आहे हे मी कबूल केल्यासारखे झाले असते.

आणखी एक गोष्ट दादाला ठाऊक आहे, पण त्याने तिचा कधी विचार केलेला नाही. आमच्या घरातल्या मुलींनी मैदानावर जाऊन सामना पाहण्याची पद्धत नव्हती. संध्याकाळी घरच्या गच्चीवर उभे राहून, आरडाओरड्यावरून गोल कोणी केला याचा अंदाज मी बांधत असे आणि दादा चिखलाने माखून परतला की खरा निकाल कळत असे. माझ्या नावाची पहिली खुर्ची मला संडरलँडने दिली. हे लिहिताना कोल्हापूरला कमी लेखण्याचा हेतू नाही, आणि आता तिथेही मुली खेळतात हे मला माहीत आहे. पण माझ्या वाट्याला जे आले ते असे आले, आणि ज्या मैदानावर मी प्रथम माझा स्वतःचा आवाज ऐकला त्या मैदानाच्या विजयाने मला रडू येणे यात नवल काहीच नाही.

परतीचा सामना मार्च २०२६ मध्ये न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर आहे. बाहेरच्या मैदानांवरची तिकिटे वर्षानुवर्षे संघामागे फिरलेल्यांना आधी मिळतात, आणि ते योग्यच आहे, त्यामुळे माझा क्रमांक लागण्याची शक्यता फार थोडी. आजींना मात्र मिळेल. त्यांनी जावे, आणि घसा बसेपर्यंत ओरडावे. मी त्या दिवशी सकाळपाळी मागून घेतली आहे, म्हणजे सामना सुरू होण्याच्या आत घरी पोहोचता येईल, आणि दादाने त्या वेळी फोन करू नये अशी त्याला आत्ताच विनंती आहे.